मागच्या दाराचे मेंबर

पिस्कॅटवेला, परदेशातल्या माझ्या गावी, त्या वर्षी बर्फ उशिरा पडला. डिसेंबर कोरडाच गेला. जानेवारीत एका शुक्रवारी संध्याकाळी बर्फ पडायला लागला आणि शनिवारी उजाडायच्या आधी थांबला. सकाळी मी फिरायला निघाले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. "अशा बर्फात कुठं निघालीस? पाय घसरेल," असं ती म्हणाली आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं कुकर लावला.

आई ऑक्टोबरात आली होती. परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं. आदल्या वर्षी ती गावी न्हाणीघरात पडली आणि सकाळी दूधवाल्यानं हाका मारूनही दार उघडेना तेव्हा शेजाऱ्यांना कळलं. तेव्हापासून तिनं एकटं राहू नये एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. हिवाळा इथं काढावा, मग मुक्कामाची मुदत वाढवून घ्यावी, पुढे जमलं तर कायमची सोय बघावी, असं मी ठरवलं होतं. तिनं काही ठरवलं नव्हतं. नोव्हेंबरभर रोज एकदा तरी ती विचारायची, "ते तिकीट अलीकडे येतं का गं?" लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, ही एक अडचण. दुसरी अडचण खरी होती. तिला इथं काम नव्हतं.

तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या मागे तिची खाणावळ होती. वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर तिनं पुढच्या खोलीत बाकं टाकली आणि मेस सुरू केली. बँकेतले नवे कारकून, डी.एड.ची मुलं, मुक्कामाचे कंडक्टर असे मेंबर असायचे. त्या जेवणावर मी कॉलेजला गेले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, सांगताना मला संकोच वाटत नाही. गुडघे दुखायला लागल्यावर तिनं मेस बंद केली, पण हाताला लागलेलं माप गेलं नाही. माझ्याकडे आम्ही दोघीच, तरी पातेलं मोठंच चढायचं. भात उरायचा, पोळ्या उरायच्या, आमटी उरायची. "माझा हात लहान होत नाही," असं ती म्हणायची. फ्रीजमधलं दुसऱ्या दिवशी खायला तिची तयारी नसे आणि अन्न कचऱ्याच्या पिशवीत टाकायला तर मुळीच नसे. नोव्हेंबरात उरलेलं सगळं मी ऑफिसच्या डब्यात नेऊन संपवत होते. डिसेंबरात उरणं बंद झालं. तिकिटाचं विचारणंही बंद झालं. माप कमी झालं, ती रुळली, असं मी धरून चालले.

आमच्या घरांच्या रांगेमागे थोडी मोकळी जागा आहे, मग झाडी, झाडीत एक ओढा आणि ओढ्याच्या कडेनं पायवाट. त्या वाटेवर बर्फातले ठसे बघायची सवय मला आदल्या हिवाळ्यात लागली होती. मी शिकले ते पुस्तकांवरून, त्यामुळे नवीन काही दिसलं की आधी पुस्तक आणायचं ही माझी रीत. गावच्या शाळेत पुस्तकांचं कपाट आठवड्यातून एकदा उघडायचं आणि तेही कुलपाची किल्ली सापडली तर. इथल्या गावाच्या लायब्ररीत कुणीही जाऊन कितीही पुस्तकं घरी आणू शकतं, याचं मला अजूनही अप्रूप आहे. ठशांचं एक पातळ पुस्तक मी तिथूनच आणलं. विज्ञानाचे आमचे सर म्हणायचे, आधी दिसतं तसं काढा, नाव नंतर द्या. मी तसंच करायचे. घरी येऊन कागदावर ठसा काढायचा, मग पुस्तकात शोधायचा.

त्या सकाळी बर्फ अगदी चांगला होता. खाली थोडा घट्ट, वर भुरभुरीत, ठशाची कड मोडत नव्हती. खारीचे ठसे झाडापासून झाडापर्यंत गेले होते. ससा उड्या मारत झुडपाखाली शिरला होता. त्याचे मागचे लांब पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला तो उलटा गेल्यासारखा वाटतो. ओढ्याच्या वळणावर मला कोल्ह्याची रेघ दिसली. कोल्हा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशातच टाकतो, त्यामुळे बर्फावर एकच सरळ माळ उमटते. पाय चार आहेत असं वाटतच नाही. अशी लांबलचक, न तुटलेली माळ मी पहिल्यांदाच बघत होते. तो जिकडे गेला होता तिकडे मी निघाले.

माळ झाडीतून बाहेर आली, मोकळ्या जागेत आली आणि घरांच्या मागच्या बाजूनं सरळ चालत राहिली. वाटेत तिला दुसरे ठसे येऊन मिळाले. पाच लांब बोटांचे, लहान मुलानं पिठाच्या हातानं ओट्यावर पंजा टेकवावा तसे. ते रकूनचे, डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेल्या इथल्या प्राण्याचे. दोन असावेत. सगळे एकाच दिशेला चालले होते. मागून आमच्या रांगेतली सगळी घरं सारखीच दिसतात, म्हणून मी कुणाच्या घरापाशी आले ते मला कळलं नाही. मग कठड्यावर वाळत घातलेलं पायपुसणं दिसलं, जुन्या साडीचं, कडेला हातशिलाई घातलेलं. ते आमचं होतं.

दारापुढच्या फरशीवरचा बर्फ पार तुडवला गेला होता. एका कोपऱ्यात हळदीनं पिवळी झालेली चार-दोन शितं गोठून बसली होती. आणि दारापासून त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलेल्या, आईच्या चपलेच्या खुणा होत्या. मला पाय घसरेल म्हणून सांगणारी बाई मोजे घालून, त्यावर चपला चढवून, उजाडताच बर्फात जाऊन आली होती.

मी मागच्या दारानंच आत गेले.

"आई, मागे अन्न टाकतेस?"

"टाकत नाही. घालते."

"कुणाला?"

"येतात त्यांना." तिनं आमटीखालचा गॅस बंद केला. "काल संध्याकाळी घालायला मिळालं नाही, एवढं भुरभुरत होतं. म्हणून सकाळी घातलं. तांबडा आला लगेच. तो वेळेचा पक्का आहे. काळ्या चष्म्याचे दोघं आहेत, ते भांडल्याशिवाय जेवत नाहीत. आणि एक आहे पांढऱ्या तोंडाचं, उंदरासारखं, पण मांजराएवढं. ते सगळ्यांच्या शेवटी येतं. सध्या त्याचा खाडा आहे."

मेसमध्ये मेंबर जेवायला आला नाही की त्या दिवसाचा खाडा लावत. हा शब्द मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"तिखट खातात?"

"फोडणीच्या आधीच काढते त्यांचं. मला काय कळत नाही का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माप कमी झालंच नव्हतं. आणि तिकिटाचं विचारणं का थांबलं तेही कळलं. मी ऑफिसात असले की तिला बोलायला कुणी नाही, अशी काळजी मी करत होते. तिची मेस पुन्हा सुरू झाली होती.

दुपारी रांगेतल्या तिसऱ्या घरातली मैत्रीण आली. ती नागपूरची, आयटीतली, माझ्याच वयाची. कुत्र्याला फिरवून येताना तिनंही ठसे पाहिले होते. दार उघडताच तिनं सुरुवात केली.

"अगं यार, तुझ्या घरामागे काय चाललंय? स्नोमध्ये सगळं छापून आलंय! पूर्ण हायवे झालाय."

"आई खायला घालते."

"काकू! तुम्ही रकून्सना फीड करताय? ओ माय गॉड. असोसिएशनचं ईमेल नाही का आलं? अलाउड नाहीये ते. रेबीज असतो त्यांना, काकू. माझ्या कुत्र्याला चावले तर?"

"तुझा कुत्रा तर पट्टा ओढून ओढून माझ्याकडेच येतो," आई म्हणाली. "पोटभर मिळत नाही त्याला."

"तो डाएटवर आहे, काकू."

"तेच म्हणते मी."

मैत्रीण हसली, पण जाताना दारात मला हळूच म्हणाली, "मी कुणाला नाही सांगणार. पण बंद करायला लाव. सिरियसली." तिचं बरोबर होतं. आजारी रकून दिवसाढवळ्या माणसाच्या अंगावर येतो, असं माझ्या त्या पुस्तकातही होतं. आई दार उघडं टाकून चपला शोधते, वाकून अन्न ठेवते, गुडघ्यांमुळे तिला पटकन उठता येत नाही. थांबवायलाच हवं होतं. थांबवलं की ती पुन्हा तिकिटाचं काढणार, हेही मला दिसत होतं.

मी समजावून सांगितलं. रोग, नियम, सगळं. ती ऐकून घेत होती आणि मेथी निवडत होती.

"एकदम बंद करू म्हणतेस?" ती म्हणाली. "एवढ्या थंडीत?"

"ते जंगलातले प्राणी आहेत, आई."

"मेस बंद केली तेव्हा मी मेंबरांना महिनाभर आधी सांगितलं होतं. ज्याची दुसरीकडे सोय झाली नाही त्याला नंतरही डबा दिला. सवय लावायची आणि मग पुढचं ताट ओढून घ्यायचं, हे बरोबर नाही. माझ्या भरवशावर बसले असतील तर?"

मी दुसरं काही सुचवून पाहिलं. इथून जवळच मोठी युनिव्हर्सिटी आहे, आपली खूप मुलं शिकायला येतात, रविवारी त्यांना जेवायला बोलावू. तुला माप कमी करायला नको.

"नको बाई," ती लगेच म्हणाली. "माणसांना वाढून झालं माझं. भाजी पाणचट आहे, पोळी जाड आहे, कालचंच वरण आहे. जन्मभर ऐकलं. यांनी अजून एकदा तरी तोंड वाकडं केलंय का?"

निवडलेली मेथी तिनं पुन्हा एकदा निवडली.

"हे बंद केलं तर मी इथं काय करायचं, ते सांग."

मी एवढंच म्हटलं की उद्या माझ्याबरोबर चल, ते तुझ्या भरवशावर आहेत का ते आपण बघू. ठसे आहेत, माग काढता येईल. तिला ते पटलं. पटलं म्हणजे, दुसरी सोय असल्याची खात्री झाली तर बंद करते, असं ती म्हणाली. माझा हिशेब सरळ होता. तिला खात्री पटेल, ती बंद करेल, आणि रोज बाहेर पडायची गोडी लागली तर राहीलही.

रविवारी ऊन होतं. माझे जुने बूट तिला दोन मोजे घातल्यावर बसले. साडी वर खोचून, वर माझा गुडघ्यापर्यंतचा कोट, डोक्याला मफलर. घरातून निघायलाच आम्हाला वेळ लागला. मी तिचा दंड धरला होता. पहिल्यांदा ती पाऊल टाकून थांबायची, बर्फ पायाखाली दबल्याचा आवाज ऐकायची आणि मग दुसरं पाऊल टाकायची. कोल्ह्याची माळ आम्ही उलटी धरली. घरापासून झाडीकडे.

मी तिला वाचून दाखवल्यासारखं एकेक दाखवत गेले. ओकच्या झाडाखाली बर्फ उकरून खालची माती वर आली होती, टरफलं पडली होती. "ही खार. पानगळीत पुरलेली फळं काढून खाते." झुडपांची कोवळी टोकं सुरीनं तिरकी कापल्यासारखी होती. "हा ससा." हरणांनी बसायला केलेले खळगे होते, लांबट, तळाशी बर्फ वितळून पुन्हा गोठलेला. ती वाकून बघायची, हुं म्हणायची. तिचे प्रश्न वेगळेच होते. "पिल्लं कुठं असतात?" "पाणी कुठलं पितात, सगळं गोठलंय की?" ओढ्यात मधोमध वाहतं पाणी दाखवल्यावर तिनं मान हलवली.

ओढ्यापलीकडच्या उघड्या जागेत कोल्ह्याची माळ अचानक संपली. मग हातभर कोरा बर्फ, आणि त्यापुढे एक खोल खड्डा, कडा फुटलेला. खड्ड्याच्या तोंडाशी करड्या केसांचा पुंजका आणि रक्ताचा बारीक ठिपका. पलीकडून माळ पुन्हा सुरू झाली होती आणि आमच्या घराच्या दिशेला वळली होती. मी हे नुसतं वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. बर्फाखाली उंदीर चालतो त्याचा आवाज कोल्ह्याला वरून ऐकू येतो, तो उंच उडी मारतो आणि नाक खाली करून थेट त्याच्यावर पडतो, असं मी तिला सांगितलं. मला ते सांगताना आनंद झाला होता आणि तो माझ्या आवाजात आला असणार.

आई खड्ड्याकडे बघत उभी राहिली.

"हे काल सकाळचं?"

"हो. रात्री बर्फ होता, त्यामुळे त्याच्यानंतरचंच."

"म्हणजे माझ्याकडे यायच्या आधीचं."

"हो."

"जेवून आला होता मेला!" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आणि वर माझा भातही चाटूनपुसून खाल्ला."

तिला राग आला होता की हसू, मला ठरवता आलं नाही. पुढे चालताना ती म्हणाली, "असे मेंबर असायचे. हॉटेलात खाऊन यायचे आणि वर मेसलाही बसायचे. खोलीवर करमायचं नाही ना." तिच्या दृष्टीनं कोल्ह्याचं प्रकरण तिथं मिटलं. तिला आता पांढऱ्या तोंडाच्या प्राण्याची चौकशी करायची होती. तो पॉसम. फार थंडीत तो दिवसेंदिवस बाहेर पडत नाही, हे मला माहीत होतं, पण ती नुसत्या माहितीवर समाधान मानणार नव्हती. परतीच्या वाटेवर तिचं नशीब उघडलं. एका पडलेल्या, आतून पोकळ झालेल्या खोडाजवळ लहान ठशांची रांग होती. अंगठा आडवा पडलेला, आणि ठशांच्या मधून शेपूट ओढत नेल्याची बारीक रेघ. रांग खोडातून निघून जवळच्या झुडपापाशी गेली होती, तिथं काहीतरी उकरलं होतं आणि ती खोडातच परत गेली होती. ठसे ताजे होते.

"आहे म्हणजे," आई म्हणाली. "जेवलंय पण."

"हो, काहीतरी मिळालंय त्याला."

"मग झालं."

घरी आल्यावर तिनं कोमट पाण्याची बादली घेतली आणि मागच्या फरशीचा तो कोपरा घासून काढला. चपलेच्या खुणा, शितं, सगळं. त्या संध्याकाळी तिनं बाहेर काही घातलं नाही. महिन्याची मुदतही मागितली नाही. काम इतकं सोपं होईल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी माझं काम घरूनच होतं. दुपारी जेवताना ती म्हणाली, "मार्चचं तिकीट अलीकडे येतं का बघ."

मी घास खाली ठेवला. "का? आता रोज जाऊ की फिरायला. तुला आवडलं ना?"

"आवडलं. बघून झालं."

"तिथं एकटी पडलीस तर?"

"पुढची खोली नर्सिंग कॉलेजच्या पोरींना देते म्हणते. दोघी विचारत होत्या. रात्री घरात माणूस असेल. आणि पडायचंच असेल तर इथल्या बर्फात पडणार नाही का मी?"

मी मुद्दे मांडत राहिले. मी शिकलेली आहे, मला मुद्दे मांडता येतात. हिवाळा, गुडघे, चांगले डॉक्टर, मुदतवाढ. ती आमटी वाढत होती. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोनवर रोज विचारायची मी, जेवलीस का. तू रोज हो म्हणायचीस. मला खरं वाटायचं नाही. एकटी बाई, कामावरून थकून येते, काय करून खात असेल. म्हणून आले मी."

"आणि?"

"बघितलं की तीन महिने. तू जेवतेस. सकाळी तो भुसा खातेस दुधात घालून, दुपारी ऑफिसात पाला खातेस. मला नाही आवडत ते. पण उपाशी राहत नाहीस. माझं ताट असलं तर खातेस, नसलं तरी तुझी सोय तू करतेस." तिनं आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली. "तेवढंच बघायचं होतं."

तिनं कोल्ह्याचं नाव काढलं नाही. काढायची गरज नव्हती. आदल्या दिवशी बर्फात तिला नेऊन, खड्ड्यापाशी उभं करून, तिच्यावाचून कुणाचं अडत नाही हे मीच तिला सविस्तर दाखवलं होतं. मला वाटलं होतं तिला त्याचं वाईट वाटेल. ती कित्येक आठवड्यांत एवढी मोकळी दिसली नव्हती.

संध्याकाळी मी विमान कंपनीला फोन लावला. स्पीकरवर बराच वेळ संगीत वाजत राहिलं. आई शेजारी बसून मफलरची घडी घालत होती. शेवटी पलीकडून एक बाई आल्या. फेब्रुवारीत जागा आहे म्हणाल्या. तारीख बदलण्याचं कारण त्यांनी विचारलं. घरी कुणी आजारी आहे का, काही अडचण आहे का.

मी फोनवर हात ठेवून आईला मराठीत सांगितलं, "कारण विचारतायत."

"काम झालं म्हणून सांग," आई म्हणाली.

मी ते इंग्रजीत सांगितलं. पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. मग त्या बाईंनी खिडकीजवळची जागा हवी की आतली, असं विचारलं, आणि आई म्हणाली, "खिडकी."